डे-लिलीचा संकर: एका दिवसाच्या फुलासाठी एवढा खटाटोप?

परसदार:
मंडळी, आमच्या न्यू जर्सीतल्या घरामागे दोन प्रकारच्या डे-लिली आहेत. एक आधीच्या घरमालकांनी लावलेली बुटकी पिवळी. ही स्टेला द ओरो, दुकानांच्या पार्किंगमध्ये सगळीकडे दिसते तीच. दुसरी कुंपणापलीकडून आपण होऊन आलेली, उंच आणि केशरी. इथे रस्त्याच्या कडेच्या चरांमधून जून-जुलैत हीच फुललेली असते. दोघींकडे आजवर ढुंकून पाहिलं नव्हतं.

परवा एका ओळखीच्यांबरोबर एक खाजगी बाग बघायला गेलो. निवृत्त गृहस्थ, अर्धा एकर जागा आणि त्यात नुसत्या डे-लिली. गर्द जांभळ्या, जवळजवळ काळ्या, काठाला सोनेरी झालर असलेल्या, लांब सुतासारख्या पाकळ्यांच्या. प्रत्येकीपुढे नावाची पाटी. बऱ्याचशा त्यांनी स्वतः संकर करून तयार केलेल्या. एका रोपाची किंमत विचारली तर दीडशे डॉलर! मिळणार दोन फुटवे. फूल सकाळी उमलणार आणि संध्याकाळी मान टाकणार.

तर प्रश्न असा, की हे लोक हे का करतात? आणि खुळ डोक्यात शिरलंच आहे तर विचारून घेतो, माझ्याकडच्या या दोघींचा संकर होईल का? दहा बाय दहा फुटांचा वाफा रिकामा आहे. तेवढ्यात काही जमतं का?

एकोळी:
दीडशे डॉलरची कोथिंबीर किती आली असती याचा हिशोब वहिनींनी केला का?

शंकासुर:
एका ओळीत उत्तर: हौसेला मोल नाही, आणि या हौसेला अक्कलही नाही. डे-लिलीच्या नोंदलेल्या जाती आता एक लाखाच्या वर गेल्या आहेत. नोंदणीचे फोटो उघडून बघा. पिवळा गळा, जांभळा डोळा, झालरीचा काठ. ओळीने दोनशे फुलं अशी दाखवतो की नाव झाकलं तर खुद्द करणाऱ्याला आपलं ओळखता येणार नाही.

मंजिरी_ओहायो:
शंकासुर, आलात का! तुमच्याशिवाय बागकामाचा धागा सुरू होत नाही.

परसदार, मी बरीच वर्षं हा उद्योग करते, छोट्या प्रमाणावर. आधी किमतीचं सांगते. नवीन जात पहिल्यांदा विक्रीला येते तेव्हा जगात तिचे मोजके फुटवे असतात. बी पेरून तीच जात मिळत नाही, गड्डा फोडूनच वाढवावी लागते, आणि एका फुटव्याचे दोन-तीन व्हायला वर्ष जातं. म्हणून सुरुवातीला शंभर-दोनशे डॉलर. चार-पाच वर्षांत तीच पंधरा-वीस डॉलरला मिळते. धीर धरणाऱ्याला काल-परवाची महाराणी भाजीच्या भावात.

आणि एका दिवसाचं म्हणाल तर एक फूल एक दिवस, झाड नाही. एका दांड्यावर पंधरा-वीस कळ्या सहज असतात, चांगल्या जातीला तिसाच्या पुढे. जुन्या गड्ड्याला पाच-सहा दांडे आले तर तीन-चार आठवडे रोज ताजी फुलं. सकाळी चहाचा कप घेऊन फिरायचं, कालची वाळकी तोडायची, आजची बघायची. हे ज्याला आवडलं तो गेलाच कामातून.

गुणसूत्र:
संकराच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या विषयातलं आहे म्हणून घुसतो.

तुमची रस्त्याकडेची केशरी म्हणजे हेमेरोकॅलिस फुल्वा, त्यातही 'युरोपा' नावाने ओळखला जाणारा एकच क्लोन. मूळ पूर्व आशियातली. सोळाव्या शतकापर्यंत युरोपात पोचली होती, तिथून वसाहतींबरोबर अमेरिकेत. तिला गुणसूत्रांचे तीन संच आहेत, म्हणजे 33. साध्या डे-लिलीला दोन संच, 22. तीनाचे दोन सारखे वाटे होत नाहीत, त्यामुळे बीजपेशी धड तयार होत नाहीत आणि बी धरत नाही. आपल्या खाण्यातल्या केळ्यात बी नसतं त्यामागे हेच. म्हणजे अमेरिकेभर जी केशरी पसरली आहे ती बहुतेक सगळी जमिनीखालच्या धुमाऱ्यांनी, आणि रस्त्याच्या कामात इकडची माती तिकडे गेली त्यातून.

यात एक छान गोष्ट आहे. विस्कॉन्सिनमध्ये आर्लो स्टाउट नावाच्या मुलाला प्रश्न पडला होता, की आईच्या बागेतल्या या केशरी फुलांना बी का येत नाही? तो मोठा होऊन वनस्पतिशास्त्रज्ञ झाला, 1911 मध्ये न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये लागला, आणि याच प्रश्नाच्या मागे लागून हजारो संकर करून बसला. चीनमधून, नानजिंगच्या विद्यापीठातल्या अल्बर्ट स्टुअर्ड यांच्याकडून त्याने जंगली डे-लिली मागवल्या. त्यांत गुलाबी छटेची एक फुल्वा होती. तोवर या फुलांत पिवळा, केशरी आणि मातकट तांबूस एवढेच रंग. स्टाउटने पिढ्यान् पिढ्या निवड करून 1934 मध्ये 'थेरॉन' ही गडद लाल जात दिली. आजच्या लाल-गुलाबी-जांभळ्यांची मुळं बरीचशी या कामात आहेत.

तेव्हा तुमच्या केशरीला बोंड धरणार नाही. तिचे पराग दुसरीवर क्वचित लागू पडतात, पण पहिल्याच वर्षी कपाळमोक्ष कशाला करून घेता?

परसदार:
बापरे, म्हणजे कुंपणापलीकडची ही बया न्यू जर्सीपासून ओहायोपर्यंत एकच झाड आहे म्हणायचं?

गुणसूत्र:
जवळजवळ तसंच. अधूनमधून दुहेरी पाकळ्यांची 'क्वान्सो' दिसेल. ती पण तीन संचांचीच.

मंजिरी_ओहायो:
आणि ती केशरी वाफ्यात आणू नका. एकदा शिरली की निघत नाही, शेजारच्या नाजूक जातींना गिळते. इथे काही ठिकाणी तिला उपद्रवी तणांत धरतात.

तिरफळ:
धागा वाचून आमच्या वेंगुर्ल्याची आठवण झाली. आमच्याकडच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांचा संकर करून 'रत्ना' आंबा काढला, 1981 मध्ये. मग रत्ना पुन्हा हापूसशी जुळवून 'सिंधू', जिची कोय अगदी पातळ. आंब्यात एका पिढीचं फळ बघायला किती वर्षं लागतात विचारू नका. मोहोरात हजारो फुलं, त्यातली हाताने परागीकरण केलेली बरीचशी गळून जातात. ज्याने संकर केला तो निवृत्त व्हायचा आणि फळ दुसऱ्याने खायचं.

डे-लिलीचं फूल कधी दिसतं? बी पेरल्यापासून?

मंजिरी_ओहायो:
तिरफळ, इथे उत्तरेत दुसऱ्या उन्हाळ्यात, काही तिसऱ्या. फ्लोरिडात वर्षाच्या आतही. आंब्याच्या मानाने आमची चैन आहे.

फ्लोरिडाकर:
नाव घेतलंत म्हणून हजर. हो, आमच्याकडे नऊ-दहा महिन्यांत पहिलं फूल बघितलंय. हिवाळ्यात रोप झोपत नाही, वाढतच राहतं. म्हणून तर गेल्या पन्नास वर्षांतले बडे संकरकार इथे येऊन बसले. गेन्सव्हिलला बिल मन्सन यांची विंबर्लीवे नर्सरी होती, जांभळ्या आणि फिकट रंगाच्या मोठ्या फुलांसाठी प्रसिद्ध.

मंजिरी_ओहायो:
आणि तुमच्या त्या सदाहरित जाती आम्ही दीडशे डॉलर मोजून इकडे आणतो आणि पहिल्याच जानेवारीत त्यांचा चिखल होतो!

फ्लोरिडाकर:
ताई, सगळ्याच नाही हो. सदाहरित म्हणजे थंडीत मरणार आणि हिवाळ्यात झोपणारी म्हणजे टिकणार असं सरळ गणित नाही. माझ्याकडून मिशिगनला गेलेली काही रोपं मजेत आहेत. उलट तुमच्या झोपणाऱ्या जाती आमच्याकडे दोन-तीन वर्षांत खंगत जातात, त्यांना पुरेशी थंडीच मिळत नाही.

शंकासुर:
म्हणजे दोन्हीकडून पैसे पाण्यात. मी काय म्हणत होतो?

परसदार:
भांडा, पण कृती कोणीतरी सांगा. पाककृतीसारखी सांगितली तरी चालेल.

मंजिरी_ओहायो:
सांगते. फुलाकडे नीट बघा. तीन पाकळ्या आणि मागे तीन निदलं, सहा मिळून एक फूल. आत सहा पुंकेसर, टोकाला परागकोश. त्यांच्यापेक्षा लांब, किंचित वर वळलेला एकच स्त्रीकेसर.

सकाळी दव उतरलं की परागकोश उकलतात आणि हळदीसारखी पूड सुटते. ही पूड कोरडी हवी, ओली झाली की कामातून गेली. चिमट्याने एक पुंकेसर तोडायचा आणि तोच ब्रशसारखा धरून दुसऱ्या जातीच्या फुलातल्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावायचा. टोकावर पिवळा ठिपका दिसला की झालं. मधमाशा त्या लांब टोकापर्यंत फारशा जात नाहीत, पण फुलपाखरं करतात घोळ. म्हणून मी उन्हं वर यायच्या आत उरकते. लगेच फुलाच्या देठाला लेबल: आधी आईचं नाव, मग गुणिले, मग बापाचं. पेन्सिलने लिहा. शाई पावसात जाते, शिसं राहतं.

दुसऱ्या दिवशी फूल लिबलिबीत होऊन लोंबेल. ओढून काढू नका, आपोआप गळू दे. चार-पाच दिवसांनी देठाशी मिऱ्याएवढा हिरवा गोळा राहिला असेल तर बोंड धरलं. नुसता पिवळा पडून गळला तर पुन्हा प्रयत्न. पारा नव्वद फॅरनहाइटच्या पुढे गेला की बोंड धरायचं प्रमाण एकदम घसरतं, तेव्हा जूनमधल्या गार सकाळी वाया घालवू नका.

बोंड पिकायला सहा ते आठ आठवडे. ते तपकिरी होऊन टोकाला तडकायला लागलं की त्याच दिवशी काढा, नाहीतर बी मातीत सांडतं. आत काळं कुळकुळीत, चकचकीत बी असतं. दोन दिवस सावलीत सुकवायचं, मग किंचित ओलसर कागदात गुंडाळून पिशवीत घालून फ्रीजमध्ये महिनाभर. (घरच्यांना सांगून ठेवा. आमच्याकडे एकदा मोहरी समजून फोडणीच्या डब्याशेजारी जाऊन बसलं होतं.) थंडी लागली की सगळं बी एकसारखं उगवतं. वसंतात वाफ्यात लावायचं. बास.

एकोळी:
डे-लिलीची फोडणी. पुढच्या दिवाळी अंकात पाककृती हवी.

वाफाळ:
एकोळी, हसू नका, चिनी स्वयंपाकात खरंच वापरतात. वाळवलेल्या कळ्या चिनी दुकानात मिळतात, सोनेरी सुया अशा नावाने. हॉट अँड सॉर सूपमध्ये ज्या लांबट तपकिरी काड्या लागतात त्याच. कोमट पाण्यात भिजवायच्या, कडक टोक खुडायचं, गाठ मारायची म्हणजे शिजताना सुटत नाहीत. हलकी आंबटगोड चव असते. मी शेवग्याच्या फुलांसारखी त्यांची परतून भाजी केली होती, बेसन पेरून. बरी लागली.

मात्र रस्त्याकडेच्या कळ्या अजिबात नको, तिथे तणनाशक मारलेलं असतं. आणि खऱ्या लिली, म्हणजे कांद्यातून येणाऱ्या, त्या वेगळ्या. ओळखीची खात्री नसेल तर दुकानातल्याच घ्या.

बोकोबा:
इथे मला मोठ्या अक्षरांत लिहायचंय. घरात मांजर असेल तर डे-लिली आणू नका!! खरी लिली आणि डे-लिली वेगवेगळ्या कुळांतल्या असल्या तरी दोन्ही मांजरांना विषारी आहेत. पान चघळलं, अंगावर पडलेले पराग चाटले, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, एवढ्यानेही मूत्रपिंडं निकामी होतात. लक्षणं दिसायची वाट न बघता लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं, उशीर झाला की हातात काही राहत नाही.

परसदार:
बोकोबा, आमच्याकडे मांजर नाही. शेजाऱ्यांचं येतं. कुंपणाचं बघतो.

गुणसूत्र:
मंजिरीताईंनी कृतीत एक मुख्य अट सांगायची ठेवली. दोन्ही पालकांचे संच जुळायला हवेत. बाजारात डे-लिली दोन जातकुळींच्या आहेत: 22 गुणसूत्रांच्या आणि 44 च्या. एकमेकींत जवळजवळ जुळत नाहीत.

44 च्या निसर्गातून आलेल्या नाहीत. कोल्चिसिन नावाचं द्रव्य पेशीविभाजनात गुणसूत्रं दोन टोकांना ओढणारे धागे बनू देत नाही. गुणसूत्रं दुप्पट होतात पण पेशी दुभागत नाही, आणि त्या कोंबापासून पुढे दुप्पट संचाचं झाड वाढतं. डे-लिलीवर हे प्रयोग 1940 च्या दशकात सुरू झाले. 1960 च्या सुमारास शिकागोच्या बाजूला ऑर्विल फे आणि रॉबर्ट ग्रीसबाख यांनी नुकत्या रुजलेल्या बियांवर ते करून 'क्रेस्टवूड' मालिका दाखवली, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. दांडे जाड, फूल मोठं, रंग भडक. फे यांची पिवळी 'मेरी टॉड' 1967 ची, तिला 1978 मध्ये स्टाउट पदक मिळालं, डे-लिलीतला सगळ्यात मोठा मान.

आणि आपल्याकडचा संबंध सांगतो. कोल्चिसिन मुळात युरोपातल्या कोल्चिकम नावाच्या कंदातलं, पण तेच आपल्या कळलावीतही असतं. पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी ती कळलावी. तामिळनाडूत शेतकरी तिची बियांसाठी लागवड करतात, औषध कंपन्यांना ते बी लागतं. गाऊटवरचं जुनं औषध आहे. जहाल विष आहे, तेव्हा घरी प्रयोग करायचा विचार कोणी मनातही आणू नये.

तिरफळ:
कळलावी आमच्या गडग्यावर आहे! लहानपणी हात लावला म्हणून आजीने बडवलं होतं. ती डे-लिलीच्या कामाला येते हे वाचून आता आजीला काय सांगू.

शंकासुर:
आता माझा खरा आक्षेप. हे 44 वाले आले आणि फुलाचा सत्यानाश झाला. काठाला इतक्या जाड चुण्या आणि दाते, की गार सकाळी फूल उघडतच नाही, अर्धवट अडकून बसतं. फोटोत महाराणी, बागेत भाजलेला पापड. आणि सुगंध? 1924 ची 'हायपेरियन' आजही मिळते. साधी, लिंबाच्या रंगाची, वासाला गोड. तिच्यानंतरच्या शंभर वर्षांत किती जणांनी वासासाठी संकर केला? हाताच्या बोटांवर. कारण फोटोत वास येत नाही आणि विक्री फोटोवर होते.

मंजिरी_ओहायो:
शंकासुर, आज मी तुमच्या बाजूने. गार हवेत न उघडणारी फुलं मी सरळ बाद करते. चांगला संकरकार फुलाच्या आधी झाड बघतो: दांड्याला फाटे किती, कळ्या किती, पानं ऑगस्टमध्ये कशी दिसतात, फुटवे किती वेगाने येतात. फुलाचा तोंडवळा शेवटी.

पण "अक्कल नाही" हे मागे घ्या. या फुलाचा सगळा इतिहास हौशी लोकांचा आहे. संकरातून आलेली पहिली नोंदली गेलेली जात, 'ॲप्रिकॉट', 1893 ची. करणारे जॉर्ज येल्ड, यॉर्कमधले शाळामास्तर. 44 गुणसूत्रांच्या जातींत टेनेसीच्या व्हर्जिनिया पेक यांचं नाव मोठं, त्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. इलिनॉयमध्ये ब्रदर चार्ल्स रेकॅम्प नावाचे कॅथलिक धर्मबंधू मठाच्या आवारात पेस्टल रंगांच्या जाती करायचे, त्यांच्या नावांत स्वर्ग आणि देवदूत. आर्कान्साच्या पॉलीन हेन्री यांनी सायलोम स्प्रिंग्जच्या आपल्या बागेत शेकडो जाती केल्या, सगळ्यांची नावं 'सायलोम' ने सुरू.

आणि परसदार, तुमच्या पार्किंगवाल्या स्टेलाचे जनक वॉल्टर याब्लॉन्स्की हेही इंडियानातल्या मेरिलव्हिलचे हौशीच. 1975 ची नोंद. एवढंसं फूल, फूटभर उंची, पण पहिला बहर ओसरला की थांबत नाही, पुन्हा पुन्हा येतं. दहा वर्षांनी, 1985 मध्ये, तिला स्टाउट पदक मिळालं. तिच्याकडे नाक मुरडू नका.

शंकासुर:
"अक्कल नाही" मागे. "लाखभर जाती कशाला" कायम.

फ्लोरिडाकर:
ताई, डे-लिलीवाल्यांच्या संस्थेचंही सांगा ना. मला तो भाग फार आवडतो.

मंजिरी_ओहायो:
हो. 1946 मध्ये आयोवातल्या शेनॅन्डोआ या छोट्या गावी अशीच हौशी मंडळी जमली. तिथे हेलन फील्ड फिशर रेडिओवर फुलझाडांविषयी बोलायच्या, त्यांचे श्रोते असलेले बागकरी. तिथून मिडवेस्ट हेमेरोकॅलिस सोसायटी, पुढे ती अमेरिकन झाली, आणि 1955 पासून जगभरच्या डे-लिली जातींची नोंदणी तिच्याकडे आहे. आता नाव बदलून अमेरिकन डेलिली सोसायटी. स्टाउट पदक 1950 पासून. जुने लोक एकमेकांना साखळीपत्रं पाठवायचे. पाकीट एकाकडून दुसऱ्याकडे, प्रत्येकाने जुनं आपलं पत्र काढून नवीन घालायचं, सगळ्यांची वाचायची आणि पुढे पाठवायचं. शेतात राहणाऱ्या बायका गुणसूत्रांवर वाद घालायच्या टपालातून.

एकोळी:
म्हणजे हाच धागा, फक्त शंकासुरांचा प्रतिसाद यायला तीन महिने लागायचे. सुखी माणसं.

खडूस_माळी:
पुण्यातून लिहितोय. इथे नर्सरीत "डे लिली, पिवळी" एवढंच नाव मिळतं, आई-बाप कोण ते नर्सरीवाल्याच्या आजोबांनाही माहीत नसेल. सदाहरित जाती इथे व्यवस्थित येतात. माझा अनुभव: एप्रिल-मेच्या उन्हात बोंड धरत नाही, त्याआधीची फुलं असतील तर धरतं. आणि पावसाळ्यात गड्डा सडू नये म्हणून गादीवाफा उंच घ्यावा, खोडाशी माती चढवू नये. कुंडीत लावली तर कुंडीखाली ताटली ठेवू नये. ताटली ठेवणारे लोक झाडांचे शत्रू आहेत.

फ्लोरिडाकर:
दमट हवेत पानांवर तांबेरा येतो त्याकडेही लक्ष ठेवा. बोट फिरवलं की नारिंगी पूड लागते. इथे तो 2000 मध्ये आला आणि नर्सऱ्यांची झोप उडाली. उत्तरेकडे कडक थंडीत पानांबरोबर तोही मरतो, आमच्याकडे मरत नाही. काही जातींना मुळीच लागत नाही, आणि आता बरेच जण तेवढ्यासाठीच निवड करतात. मी दोन वर्षं फवारणीच करत नाही. ज्या रोपांची पानं पूर्ण नारिंगी होतात ती कंपोस्टात, फूल कितीही देखणं असो.

परसदार:
बरं, नावांचं काय? कोणतंही ठेवता येतं? लाखभर नावं आधीच गेलीत म्हणजे उरलं काय?

एकोळी:
'पैठणी'. काठ सोनेरी, अंग जांभळं. तयारच आहे.

वाफाळ:
'पुरणपोळी'! पिवळी, मऊ, मध्ये किंचित तपकिरी.

तिरफळ:
'सोलकढी'. तो गुलाबी रंग या फुलात बसतो.

बोकोबा:
'मांजरांपासून दूर'.

खडूस_माळी:
'ताटली नको'.

मंजिरी_ओहायो:
एकदा वापरलेलं नाव पुन्हा मिळत नाही, आणि हयात माणसाचं नाव द्यायचं तर त्याची परवानगी लागते. बाकी मोकळीक. नाव शोधायच्या आधी हे मात्र लक्षात घ्या की पेरलेल्यांतली बहुतेक रोपं काढून टाकायची असतात. शंभरातून एखादं ठेवण्यासारखं निघालं तर वर्ष चांगलं. नवशिक्याला प्रत्येक आपलं मूल वाटतं, कोणी फेकवत नाही, आणि तीन वर्षांत वाफा भरून हौस संपते. मी नको असलेली रोपं मैत्रिणींना आणि इथल्या एका मंदिराच्या आवाराला देते. नाव न देता. लोक खूश असतात.

आता तुमच्या वाफ्याचं. रोपं सहा इंचांवर लावली आणि मध्ये पाऊल ठेवायला जागा सोडली तर दहा बाय दहात दीड-दोनशे सहज बसतात. घरच्या हौसेला पुष्कळ. फक्त दहा दिशांनी दहा संकर करू नका. दोन पालक घ्या, त्यांचंच बी भरपूर करा. स्टेला 22 ची आहे, तिला 22 चीच जोडीदारीण शोधा. डॅरेल ॲप्स यांची 'हॅपी रिटर्न्स' अशीच झाली: 'सूझी वाँग' आई, स्टेलाचे पराग, 1986. फिकट लिंबाचा रंग आणि स्टेलासारखी पुन्हा पुन्हा फुलणारी.

परसदार:
आमच्या शेजारी एक अगदी छोटी जांभळी आहे, द्राक्षासारखा रंग. पाटी वाचून आलो: 'लिटल ग्रेपेट'. चालेल?

गुणसूत्र:
1970 ची जात, 22 ची. चालेल. आणि कधी पाटी नसलेलं झाड मिळालं तर 22 च्या परागांनी बोंड धरतं का बघा. पुन्हा पुन्हा करूनही नाही धरलं तर 44 असण्याची शक्यता जास्त.

शंकासुर:
पिवळी गुणिले जांभळी. चिखलाचा रंग येणार, आधीच सांगून ठेवतो.

मंजिरी_ओहायो:
पहिल्या पिढीत बरेच विटकरी, मळकट येतील, यात शंकासुरांना शंभर गुण. पण तेव्हा सगळं उपटू नका. त्यातली बुटकी, भरपूर कळ्यांची आणि ऑगस्टमध्ये पुन्हा दांडा काढणारी निवडा आणि त्या भावंडांचाच एकमेकांशी संकर करा. स्वच्छ जांभळा आणि स्टेलाचा सतत फुलण्याचा गुण एकत्र यायचा असेल तर दुसऱ्या पिढीत येईल. पहिल्या वर्षी एवढंच करा: शेजाऱ्यांची परवानगी, चिमटा, पेन्सिल.

एकोळी:
भावंडांचं लग्न?! संपादक मंडळ लक्ष घालणार का?

परसदार:
परवानगी मिळाली. शेजारी म्हणाले, फुलं तोडू नका, बाकी त्या काड्या काय हव्या तेवढ्या न्या. मांजर त्यांचंच आहे, तर बोकोबांचा प्रतिसाद इंग्रजीत करून त्यांना दिला. उद्यापासून पाऊस सांगितलाय चार दिवस. परागकोश आदल्या संध्याकाळी कळी उघडून काढून ठेवले तर घरात उकलतात का?

मंजिरी_ओहायो:
उकलतात. उद्या फुलणारी फुगलेली कळी संध्याकाळी उघडा, पुंकेसर बशीत पसरून रात्रभर कोरड्या जागी ठेवा. पंख्याखाली नको, पूड उडून जाईल. छोट्या डबीत भरून, लेबल लावून फ्रीजरमध्ये ठेवले तर महिनोन् महिने टिकतात. डबीवर नाव नक्की लिहा. मोहरीचा किस्सा विसरू नका.